नाव हेल्परचं, काम कारागिराचं

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला पगाराबद्दल बोलायचं आहे. आपल्या शिबिरांत संविधानावर, शिक्षणावर, तलाक आणि वारसाहक्कावर चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण इथं बसलेल्यांपैकी बरेच जण उद्या सकाळी कुठल्या तरी दुकानात, गॅरेजमध्ये, लूमवर, दवाखान्यात नाहीतर ऑफिसात कामाला जाणार आहेत. तिथं महिन्याच्या शेवटी हातात पडतं ते बरोबर आहे का, हे आपण एकमेकांना कधी विचारत नाही. पगार सांगायची आपल्याला लाज वाटते. कमी असेल तर जास्तच वाटते.

मी तुम्हाला दोन प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, मनात द्या. पहिला प्रश्न, तुमच्या कार्डावर, नेमणुकीच्या कागदावर किंवा मालकाच्या रजिस्टरमध्ये तुमचं पद काय लिहिलंय? दुसरा प्रश्न, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही प्रत्यक्षात काय करता? ही दोन उत्तरं जुळत नसतील, तर पुढचं सगळं भाषण तुमच्यासाठी आहे.

पाच नावं, एकच हेतू

कमी पैसे देण्याचा जुना मार्ग म्हणजे सरळ कमी देणं. त्यापेक्षा सोयीचा मार्ग म्हणजे कामाला वेगळं नाव देणं. अशी पाच नावं आपल्याकडे नेहमी दिसतात.

पहिलं नाव ‘हेल्पर’. मुलगा चार वर्षं एसी दुरुस्त करतोय, गॅस भरतोय, एकटा साइटवर जातोय, पण कागदावर हेल्पर. महाराष्ट्रात किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गवारीनुसार आणि परिमंडळानुसार ठरतं. त्यावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. हेल्पर लिहिलं की माणूस अकुशल दरात बसतो. काम कुशल कारागिराचं आणि दर झाडू मारणाऱ्याचा. आणि झाडू मारणाऱ्यालाही त्याचा पूर्ण दर मिळतो असं नाही.

दुसरं नाव ‘ट्रेनी’. खासगी दवाखान्यातल्या नर्स, मेडिकल स्टोअरमधली पोरं, अकाउंट्सच्या ऑफिसातल्या मुली दोन-दोन वर्षं ट्रेनी असतात. खरा शिकाऊ उमेदवार कोण? ज्याचा 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झालाय, तो नोंदवला गेलाय, ज्याची मुदत आणि विद्यावेतन ठरलंय, तो. असा करार नसेल आणि तुम्ही इतरांसारखंच पूर्ण काम करत असाल, तर ‘ट्रेनी’ म्हटल्यानं किमान वेतनाचा हक्क जात नाही.

तिसरं नाव ऐकायला फार गोड, ‘सुपरवायझर’. हाताखाली माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, माल मोजायचा आणि बिलं लिहायची. पण घरी सांगता येतं की मुलगा सुपरवायझर झाला. हे नाव देण्यामागं हिशोब आहे. नोकरीवरून काढलं तर कामगार म्हणून दाद मागता येते. पण देखरेखीचं काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस औद्योगिक संबंध संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. पाटी बदलली की माणूस त्या दारातून बाहेर पडेल, अशी मालकाची अपेक्षा असते.

चौथं नाव ‘नगावरचा’, ‘कमिशनवाला’, नाहीतर हल्लीचं ‘पार्टनर’. जरीकाम, शिलाई, विडी, पॉवरलूम इथं ही पद्धत जुनी आहे. ऑफिसात तिचंच नवं रूप म्हणजे पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’. म्हणजे पीएफ नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही.

पाचवं नाव ‘ठेकेदाराचा माणूस’. काम कंपनीच्या गेटच्या आत, हुकूम कंपनीच्या साहेबाचा, आणि पगार थकला की साहेब म्हणतो, ठेकेदाराला विचारा.

कोर्ट काय बघतं

आता मुद्द्याची गोष्ट. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा काम काय आहे आणि त्यावर ताबा कुणाचा आहे, हे कोर्ट बघतं. हे आजचं नाही. 1960 साली सर्वोच्च न्यायालयासमोर नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांचं प्रकरण आलं होतं. पंधरा दिवसांच्या रजेचा पगार, एवढंच मागणं. मालकाचं म्हणणं असं, की हे लोक मनाला येईल तेव्हा येतात, मनाला येईल तेव्हा जातात, विड्यांच्या संख्येवर पैसे घेतात, मग हे माझे कामगार कसे? कोर्टानं मालकाचं ऐकलं नाही. काम कारखान्यात होतं, ठरल्याप्रमाणे नसलेल्या विड्या मालक नाकारू शकत होता, म्हणून ते कामगारच ठरले.

1973 मधलं सिकंदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचं प्रकरण तर आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात सांगायला हवं. तिथले शिंपी नगावर काम करायचे. यायची-जायची ठरलेली वेळ नव्हती. काही जण कापड घरीही न्यायचे. पण दुकानातली यंत्रं मालकाची होती आणि शिलाई पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाचा होता. कोर्टानं त्यांना दुकानाचे कर्मचारी मानलं. 1978 मध्ये कोझिकोडच्या दोरखंडाच्या कारखान्यातल्या, ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगारांबाबत न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी कागदी पडदा बाजूला सारून खरा मालक कोण ते पाहायला सांगितलं. आणि ‘सुपरवायझर’वाल्यांनी 1985 चा सिबा-गायगी खटला लक्षात ठेवावा. कर्मचारी अनेक प्रकारची कामं करत असेल तर त्याचं मुख्य काम कोणतं हे पाहायचं, पदाचं नाव नाही, हे त्यात सांगितलंय.

सगळे निकाल कामगाराच्या बाजूनं लागले असं समजू नका. स्वतःची माणसं लावून, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या जोखमीवर काम करणारा खरा कंत्राटदारही असतो. ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी कायद्यानं ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगार असा वेगळा कप्पा केलाय. त्यात सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे, पण किमान वेतनाचा तसा हक्क नाही. तिथली लढाई अजून बाकी आहे. म्हणून तुमच्या कामाची हकीकत बारकाईनं सांगता येणं महत्त्वाचं. हत्यारं कुणाची? वेळ कोण ठरवतं? रजा कुणाला विचारता? काम नापसंत कोण करतं? या चार उत्तरांवर तुमचं प्रकरण बरंचसं उभं राहतं.

बारा तासांचा हिशोब

भिवंडी-मालेगावच्या लूमवर, बेकरीत, हॉटेलात बारा तासांची पाळी कुणाला नवी नाही. जरा गणित करू. आठवड्याला 48 तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा. बारा तासांचे सहा दिवस म्हणजे 72 तास. जादा झाले 24. जादा कामाचा दर किमान दुप्पट, म्हणजे 24 तासांचे पैसे 48 तासांइतके. एका आठवड्यात तुम्ही दोन आठवड्यांचा पगार कमावताय. हातात किती पडतो, ते तुम्हाला माहीत आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या काही गोष्टींवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते समजून घ्यायला हवेत. पण पगाराच्या दाव्यासाठी वेतन संहितेतल्या काही गोष्टी आपल्या हातात आल्या आहेत, त्या वापरायला शिका. थकलेल्या किंवा कमी दिलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहाच महिन्यांची होती, त्यामुळे संहितेच्या आधीची थकबाकी असेल तर आजच जाणकाराला विचारा. दावा तुम्ही करू शकता, तुमची नोंदलेली युनियन करू शकते, निरीक्षकही करू शकतो. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेवर तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई मंजूर करायचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. ठेकेदारानं पैसे बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत काम केलं त्या मालकावर ती जबाबदारी येते. नोकरी सोडली किंवा काढलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा असतो.

आणि एक फार मोलाची गोष्ट. ‘तूच कबूल झाला होतास’ हे उत्तर चालत नाही. आपला देय पगार सोडून देण्याचा करार, मग तुमची सही असो, तो कायद्यानं रद्दबातल आहे. 1982 साली, दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांबाबत, न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठानं किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे संविधानाच्या कलम 23 खालची वेठबिगारी, असं म्हटलं. पोटासाठी माणूस कशालाही हो म्हणतो. त्या ‘हो’ला कोर्टानं संमती मानलं नाही.

आपला माणूस

आता अवघड भागाकडे येतो. ज्यांनी आपल्याला कमी पैसे दिले ते सगळे परके असते तर हे भाषण सोपं झालं असतं. पण आपला मालक पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याच मशिदीत नमाज पढतो, अब्बांच्या ओळखीचा असतो, बहिणीच्या लग्नात त्यानं उचल दिलेली असते. हिशोब मागितला की तो म्हणतो, “अरे, तू तर घरचा पोरगा. घरात कुणी हिशोब मागतं का?” आणि दुसऱ्या दिवशी घरी निरोप येतो, “चाचा, पोराला समजवा, हल्ली कायदा बोलायला लागलाय.”

मजुरी वेळेवर देण्याची हदीस आपण जुम्म्याच्या खुतब्यात कितीदा ऐकली आहे. ती कामगाराला ऐकवण्यासाठी नाही, मालकासाठी आहे. सूरह बकराची 282 वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं, साक्षीदार घेणं. महिनाभर काम करून शेवटी पगार घेणारा कामगार मालकाला रोज आपली मेहनत उधार देत असतो. मग ‘नेमणुकीचा कागद द्या, पगाराची स्लिप द्या’ असं म्हणणं बेअदबी कशी होईल? ज्याचा व्यवहार साफ आहे त्याला लिहून द्यायला अडचण नसते.

हेच आपल्या संस्थांनाही लागू आहे. पोरींना शिकवा म्हणून आपण चळवळ करतो. त्या पोरी शिकून डीएड, बीएड करतात, आपल्याच समाजाच्या शाळेत शिकवायला लागतात, आणि काही ठिकाणी खात्यावर आलेल्या पगारातला हिस्सा रोखीनं परत द्यावा लागतो. याला कौमची खिदमत म्हणू नका. शिक्षकांचा रस्ता थोडा वेगळा आहे. 1988 च्या सुंदराम्बल निकालानुसार शिक्षक औद्योगिक कायद्यातले ‘कामगार’ नाहीत. पण मान्यताप्राप्त खासगी शाळांसाठी महाराष्ट्रात 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे, शिक्षणाधिकारी आहेत, शाळा न्यायाधिकरण आहे. अल्पसंख्याक संस्था आहे म्हणून शिक्षकाला वाटेल तसं राबवायची सूट मिळत नाही.

मोहल्ल्यातल्या चार शहाण्या लोकांनी बसून तोडगा काढला तर चांगलंच. मी त्याच्या विरोधात नाही. फक्त दोन अटी ठेवा. ठरलेली रक्कम आणि तारीख लेखी हवी, आणि ती रक्कम कायद्यानं देय असलेल्या पैशांपेक्षा कमी नको. ‘ईदनंतर बघू’ असं करत करत मुदत निघून जाते, आणि मुदत गेली की पंचही हात वर करतात.

मदत कुठं मागायची

पहिली पायरी घरातच आहे. एक साधी वही करा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय काम केलं, किती पैसे मिळाले. रोज रात्री दोन मिनिटं. ओळखपत्र, गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, कामाचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं जपा. साहेबानं ‘उद्या कटिंग तू बघ’ असा मेसेज पाठवला असेल तर तुम्ही हेल्पर नाही याचा तो पुरावा आहे. मोबाईल फॉरमॅट करू नका. कोऱ्या व्हाउचरवर, न वाचलेल्या राजीनाम्यावर, ‘फुल अँड फायनल’च्या पावतीवर सही करू नका. जबरदस्तीनं घेतलीच, तर त्याच दिवशी लेखी कळवा.

दुसरी पायरी, किमान वेतनाची अधिसूचना वाचा. तुमच्या उद्योगाचा, तुमच्या परिमंडळाचा दर पाहा आणि कुशल-अकुशल याची व्याख्या पाहा. पीएफ कापत असतील तर उमंग ॲपवर पासबुक उघडून पैसे खरंच भरले गेलेत का ते तपासा. कापून न भरणं हा वेगळा गुन्हा आहे.

तिसरी पायरी, लेखी मागणी. भांडणाची भाषा नको. मी अमुक तारखेपासून अमुक काम करतो, त्याचा दर इतका, मला मिळाले इतके, फरक इतका. पोच घ्या.

चौथी पायरी, जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथं अर्ज द्यायला वकील लागत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आपलं नाव बघून टोलवतील, ही भीती काहींच्या मनात असते आणि ती कुठून येते ते मला कळतं. तोंडी टोलवणं सोपं असतं, शिक्का मारलेला अर्ज टोलवणं अवघड असतं. महिनाभर हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात विचारा, माझ्या अर्जावर काय केलं? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाचवी पायरी वकिलाची. इथं बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक स्त्रीला आहे, मग तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना आहे. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 या क्रमांकावर विचारता येतं. खासगी वकील केलात तर कामगार कायद्याचं काम करणारा पाहा. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. फी आधी ठरवा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, पुढची तारीख स्वतः लिहून ठेवा.

एकट्यानं जाऊ नका

तुम्ही विचाराल, तक्रार केली आणि नोकरी गेली तर? जाऊ शकते. खोटा धीर मी देणार नाही. घरभाडं, अम्मीची औषधं, भावाची फी डोळ्यांसमोर असताना माणूस विचार करणारच. म्हणून घाईनं भांडू नका, तयारीनं भांडा. नोकरीत असतानाच पुरावा जमवा. आणि शक्यतो एकट्यानं जाऊ नका. एकाला काढणं सोपं, पंधरा कारागिरांना एकाच दिवशी काढलं तर उद्याची ऑर्डर कोण पूर्ण करणार? नोंदलेल्या युनियनचं सभासद व्हा. शेजारच्या यंत्रावरचा मित्र मराठा असेल, दलित असेल, बिहारहून आलेला असेल. त्याचीही वही तपासा, त्याचंही नाव अर्जात असू द्या. कमी पगाराला जात-धर्म नसतो, तशी ती सही करणाऱ्यांचीही पाहायची नसते.

सत्यशोधक परंपरेतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि 1890 मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज तुमची जी सुट्टी आहे ती कुणा मालकाच्या मेहरबानीनं आलेली नाही.

माझी एक सूचना आहे. आपल्या प्रत्येक शाखेनं महिन्यातून एक रविवार ‘कागद तपासणी’साठी ठेवावा. ज्याला वाटेल त्यानं आपली स्लिप, वही, पासबुक घेऊन यावं. कायदा शिकणारी दोन मुलं-मुली बसतील, अधिसूचना समोर असेल, फरक काढला जाईल. सगळ्यांचा दावा होणार नाही, काहींचा पगार बरोबरही निघेल. पण पगार सांगायची लाज तरी जाईल, आणि मुदत संपण्याआधी माणूस योग्य दारापर्यंत पोहोचेल.

तुमच्या कामाला नाव मालक देतो, पण हक्क त्या कामातूनच येतो. उद्या कामावर गेलात की आधी रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचून या.